घागरीला मनाई

चैत्र लागला की माझं डोकं फिरतं. बाकीच्यांना मोगरा आठवतो, कैरीची डाळ आठवते, संध्याकाळी अंगणात सडा मारल्यावर येणारा वास आठवतो. मला लाल सरबत आठवतं आणि पोटात ढवळायला लागतं. घरातले म्हणतात, पित्त असेल. पित्तच आहे, पण ते खाण्यापिण्याचं नाही.

यंदा तर निमित्तही घडलं. नातवानं हौसेनं मला डोंगरावरच्या एका हॉटेलात नेलं. नगरच्या उन्हात आजी भाजून निघते, चार दिवस गार हवा खाईल, असं त्या बिचाऱ्याच्या मनात. हवा गार होती, खोटं कशाला बोलू? पण दुपारी मला ताक प्यावंसं वाटलं. त्यानं मागवलं. काचेचा उंच पेला आला, काठावर कोथिंबिरीची काडी, पेल्याखाली कागदाची जाळीदार चकती आणि मागोमाग बिल. मी चष्मा लावून आकडा वाचला आणि पेला दूर सारला.

"पी गं आजी," नातू हसत म्हणाला. "इथं सगळ्याचे भाव असेच असतात. वर आणायला खर्च येतो. आणि प्यायला आपण थोडेच खाली जाणार आहोत?"

खाली जाता येत नाही ना, म्हणूनच तर भाव! पोरगा शिकलेला आहे, हिशेबात पक्का आहे, पण आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं नाही. डोंगरावर माणसाला काही दुसरा घसा फुटत नाही. खाली होती तीच तहान वर असते. फरक एवढाच की वर माणूस अडकलेला असतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण गाढवानं पाय धरू देण्याचं भाडं लावावं आणि वर जाळीची चकती ठेवून म्हणावं, 'या, बसा, आणखी काय हवं?' ह्याची मला शिसारी येते. त्या ताकाला मी तोंड लावलं नाही. नातवानं ते एका घोटात संपवलं आणि म्हणाला, "मस्त आहे." मस्त नव्हतं. मिक्सरचं पाणचट ताक होतं ते, नुसत्या वासानंच कळलं मला.

माझं सासर डोंगराच्या पायथ्याला. नगरहून घोडेगावकडं निघालं की डाव्या अंगाला डोंगरांची रांग लागते, त्यातल्या एका टोकावर आमची डोंगराई देवी. लग्न होऊन मी त्या गावात आले तेव्हा लढाई चालू होती. लढाई कुठं दूर विलायतेत, पण आमच्याकडं घासलेट कार्डावर, साखर कार्डावर. ज्या जिल्ह्यात उसाची शेतं माणसाला गिळतील एवढी उंच, त्या जिल्ह्यात चहाला गुळाचा खडा. रस्त्यावरची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ आला की ती धापा टाकून थांबायची आणि उतारू खाली उतरून तिला ढकलायचे. बाजारात मोड, म्हणजे सुटी नाणी, मिळेनाशी झाली होती. पुढं तर मधोमध भोक पाडलेला पैसा आला. माझे सासरे तो डोळ्याला लावून त्यातून बघायचे आणि म्हणायचे, "सरकारनं पैशातलं बी तांबं काढून घेतलं."

त्या दिवसांतला चैत्र मला अंगानं आठवतो. कडुलिंबाला मोहर आलेला असायचा, त्याचा कडसर गोड वास दुपारभर ओसरीवर रेंगाळायचा. विहिरीचं पाणी इतकं खाली जायचं की बादली तळाला आपटल्याचा आवाज घरात ऐकू यायचा. घोडेगावच्या बाजाराला चाललेली गुरं रस्त्यानं गेली की धुळीचा लोट उठायचा, आणि वाळत घातलेल्या लुगड्यांना शेणामातीचा वास लागायचा. डोंगर तर तव्यासारखा तापायचा. गवत जळून गेलेलं, नुसता काळा दगड उरलेला. अशा वेळी देवीची जत्रा. शिवाय चढायचं ते अनवाणी आणि उपाशी. दर्शन होईपर्यंत तोंडात थेंब घ्यायचा नाही.

आणि डोंगरावर जाताना पाणी बरोबर न्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ही रीत ऐकून शहरातले लोक मला वेडी समजतात. लग्नानंतर मीही सासूबाईंना विचारलं होतं. सासूला आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या रवी फिरवता फिरवता म्हणाल्या, "देवी म्हंजी समद्या लेकीबाळींचं म्हायेर. म्हायेरी जाताना कुनी तांब्या भरून घिऊन जातं का? आई पानी बी पाजायची न्हाई व्हय?"

आता डोंगरावर पाणी कुठलं? दगडातलं एक टाकं होतं, त्यात चैत्रापर्यंत हिरवा चिखल उरायचा. मग माहेरपण करणार कोण? तर पायथ्याची गावं. जत्रेच्या दिवशी प्रत्येक घरातून ताकाची एक एक घागर वर जायची. देवळामागच्या सावलीत घागरींची रांग लागायची. दर्शन करून आलेला माणूस कुठल्याही घागरीपाशी बसायचा, पोटभर प्यायचा, मिशा पुसायचा आणि जायचा. कुणी विचारायचं नाही की तू कुठला. आमच्या घराला पहिल्या घागरीचा मान होता. ती वर पोचून ठेवल्याशिवाय बाकीच्या घागरींची फडकी सुटायची नाहीत.

ताक विकायचं नाही, ही तर सगळ्या मुलखाचीच रीत होती. दूध विकावं, लोणी-तूप विकावं, पण ताक मागायला येईल त्याला द्यावं. ताकाचा पैसा घेतला तर गाय आटते, असं आत्याबाई ठामपणे सांगायच्या. सकाळी आमच्या दाराशी गाडगी घेऊन बायका उभ्या असायच्या. शेजारची चांदबी तर ओसरीवर बसून आत्याबाईंशी गप्पा मारत मारत ताक घेऊन जायची. गायीचं आटणं खरं की खोटं, मला ठाऊक नाही. पण एक गोष्ट तरी पैशाच्या हाताबाहेर ठेवलेली होती, हे मला आज फार मोठं वाटतं.

आमचं पुण्य धुतल्या तांदळासारखं होतं असं मात्र कुणी समजू नये. त्याच घागरींतलं ताक महारवाड्यातल्या माणसांच्या ओंजळीत वरून ओतलं जायचं. भांड्याला त्यांचा हात लागू देत नसत. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही, आज आठवलं की लाज वाटते. पैशाला विटाळ नसतो म्हणतात, म्हणून पुढं जो दुकानदार आला तो तरी सगळ्यांना एका पेल्यात देईल असं वाटावं. छे! त्याचेही पेले वेगळेच होते. दर मात्र सगळ्यांना सारखा.

त्या वर्षी घागर माझ्या डोक्यावर जायची होती. घरात नवी सून आली की पहिल्या जत्रेला तिनं घागर न्यायची, असं ठरलेलं. मी महिनाभर आधीपासून चुंबळीवर भरलेली घागर घेऊन शेताच्या बांधावरून चालत होते, पाय घसरू नये म्हणून. जत्रा जवळ आली तशी घरात विरजणाची भांडी वाढत गेली, सगळं घर आंबूस झालं. तांब्यापितळेत ताक कळकतं, म्हणून घागर मातीची, नवी, भिजवून थंड केलेली. आदल्या संध्याकाळी आत्याबाईंनी स्वतः घुसळण घातलं. मिरची ठेचून, जिरं भाजून, कढीलिंब चुरडून त्यांनी ताकात घातला आणि पळीभर चाखून डोळे मिटले. त्या वर्षीचं ताक त्यांच्या मनासारखं उतरलं होतं. त्यांचा तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे.

माझी नणंद गया जत्रेसाठी माहेरी आली होती. तिला पहिलं मूल झालेलं, अंगावर पिणारं. देवीच्या पायावर त्याला घालायचं, असा नवस होता. पोरगा गुटगुटीत, पायात चांदीचे वाळे. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घोडेगावच्या बाजारात खोंड विकून बारशाला ते वाळे केले होते. पोरगं रांगायला लागलं की घरभर छुमछुम चालायची आणि मामंजी जेवता जेवता घास हातात धरून ऐकत बसायचे.

मामंजी देवस्थानाचे पंच. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण पंचांच्या डोक्यात भरलं होतं की शेजारच्या देवस्थानाचा मुखवटा चांदीचा आणि आपली देवी नुसती शेंदराची. उत्पन्न वाढलं पाहिजे, देवीला चांदीचा मुखवटा झाला पाहिजे. मग केडगावच्या बाजूचा एक सोडावाला आला, त्यानं डोंगरमाथ्याचा मक्ता मागितला. लिलाव झाला. गावात दवंडी पिटली की यंदा वर दुकानं लागणार. आम्हां बायकांना वाटलं, बांगड्या, बत्तासे, खेळणी येतील. गया तर खूश झाली होती.

जत्रेच्या दिवशी पहाटेच मामंजी निघून गेले. एरवी ते घागरीला हळदकुंकू लावल्याशिवाय घर सोडत नसत. आम्ही बायका मागून बैलगाडीत घागर घेऊन निघालो. पायथ्याशी चपला काढल्या. मी चुंबळ डोक्यावर ठेवली, आत्याबाई घागर उचलायला वाकल्या, तेवढ्यात काठी घेतलेला एक माणूस पुढं आला.

"मावशी, घागर गाडीतच ऱ्हाऊ द्या."

"का रं बाबा?"

"मक्ता दिल्याला हाय. वर प्यायचं काय बी न्यायचं न्हाई."

आत्याबाई हसल्या. त्यांना वाटलं, परगावचा माणूस आहे, ह्याला माहीत नाही. "आरं, हे इकायचं न्हाई. ताक हाय. देवीच्या दारचं."

"इकायचं न्हाई म्हनूनच न्यायचं न्हाई," तो म्हणाला. "फुकाट मिळालं तर इकत कोन घील?"

"हुकूम कुनाचा?"

"पंचांचा. समद्यांच्या सह्या हायेत."

आत्याबाईंचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि मग हळूहळू गेलं. मामंजी पहाटे का पळाले ते त्यांना कळलं असावं. मला वाटलं, आता ह्या भांडतील, त्या काठीवाल्याला सोलून काढतील. तोंडाच्या फटकळ म्हणून त्या गावात प्रसिद्ध होत्या. पण त्या फक्त "बरं" म्हणाल्या आणि घागरीवर ओलं पोतं पसरलं. मग गयेला म्हणाल्या, "गये, तू हितंच पिऊन घी. लेकरू अंगावर पितंय तुझ्या."

"न्हाई आई, नवस हाय. दर्शन झाल्याबिगर न्हाई."

इथंच आमची फसगत झाली. आम्ही तांब्या वर नेणार नव्हतो कारण ती रीत, आम्ही खाली प्यायलो नाही कारण तो उपास. आणि त्या मक्तेदारानं नेमकी हीच गोष्ट हेरली होती. तो काही सोडा विकायला डोंगरावर आला नव्हता. त्यानं आमची रीतच विकत घेतली होती. हजारो माणसं आपल्या पायानं, उपाशी, कोरड्या घशानं, पाण्याशिवाय वर चढत येणार, ती येणारच, आणि वर फक्त त्याचं एक दुकान. असं गिऱ्हाईक कुठल्या बाजारात मिळतं? आजवर मी खूप लुच्चे पाहिले, पण दुसऱ्याच्या श्रद्धेवर इतकं बारीक गणित मांडणारा माणूस आठवला की अजून थुंकावंसं वाटतं.

चढताना डोक्यावर काही नव्हतं, तरी मला मान अवघडल्यासारखी वाटत होती. दगड पायांना चटके देत होते. गया मूल खांद्यावर घेऊन दर वळणावर थांबे, ओठांवरून जीभ फिरवी आणि पुन्हा चढे. वाटेत उतरणारी माणसं भेटत होती, नेहमी त्यांच्या मिशांना पांढरं ताक लागलेलं असायचं. यंदा काहींच्या ओठांना लाल रंग होता, बाकीच्यांचे ओठ कोरडे.

दर्शन झालं. गयेनं मूल देवीच्या पायावर घातलं, ते टाहो फोडून रडलं. पुजाऱ्यानं पळीभर तीर्थ दिलं, तेवढ्यानं जीभसुद्धा भिजली नाही. आम्ही देवळामागं आलो. घागरींच्या जागी पांढरं कापड ताणलेलं, पताका लावलेल्या. पोत्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या, ओल्या भुश्शाचा वास, गोटीच्या बाटल्या फुस्स करून फुटण्याचा आवाज, आणि मोठ्या पातेल्यात लालभडक सरबत. नगरात एका आण्याला मिळणारा पेला इथं आठ आण्यांना. एका म्हाताऱ्यानं रुपया दिला तर पोऱ्या म्हणाला, "मोड न्हाई. आनखी पेला घ्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या." म्हाताऱ्यानं नकोसा दुसरा पेला घेतला आणि अवतीभवती बघत राहिला, कुणाला द्यावा म्हणून.

खरी किळस मला वाटली ती हौसेनं पिणाऱ्यांची. नगरहून आलेली काही मंडळी पेले उंच धरून पीत होती, एकमेकांना दाखवत होती. पुढं महिनाभर आमच्या गावातही दोघेतिघे सांगत हिंडले, "आमी वरचं बरफाचं सरबत प्यालो." ताक प्यालो असं कुणी कधी मिरवलं नव्हतं. स्वतःला लुटवून घेण्यातही माणसाला मोठेपणा वाटतो, हे मला तिथं पहिल्यांदा दिसलं. त्या हॉटेलातही लोक बिलाचा आकडा मोठ्यानं वाचून हसत होते.

आणि भिंतीच्या अरुंद सावलीत बायका बसल्या होत्या. पदर तोंडावर, डोळे पातेल्याकडं. पुरुष पालखीबरोबर डोंगराच्या दुसऱ्या वाटेनं येत होते, कसा-बटवा सगळा त्यांच्याजवळ. बायकांच्या कनवटीला त्या काळी कुंकवाची डबी असायची, पैसा नसायचा. आजवर तो लागलाही नव्हता. माहेरी कशाला लागतो पैसा?

आम्ही त्याच सावलीत टेकलो. मूल रडत होतं, गयेनं त्याला पदराखाली घेतलं. थोड्या वेळानं मूल आणखी जोरात रडायला लागलं. गया म्हणाली, "आई, येत न्हाई गं काही," आणि तिचे डोळे पांढरे झाले. ती भिंतीला घसरत आडवी झाली. मी मूल ओढून घेतलं. आत्याबाई पदरानं वारा घालत राहिल्या. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, श्वास लागला होता.

मी उठून दुकानाशी गेले. नवी नवरी, पण त्या क्षणी मला लाजबीज राहिली नव्हती. म्हटलं, "एक पेला दे. माणसं पालखीबरोबर आहेत, आली की पैसे देतील."

"उधार न्हाई."

"बाई मरायला टेकलीय. पंचांची लेक आहे ती. पंचांच्या घरच्या आहोत आम्ही."

गादीवर बसलेला मक्तेदार हसला. गोरा, घामेजलेला, बोटात अंगठ्या. "मंग तर दर ठावूकच आसंल तुमाला," तो म्हणाला. "पंचांसंगच बसून ठरवलाय."

माझ्या अंगाची लाही झाली. मी काही बोलणार तोच मागून आत्याबाई आल्या. त्यांनी माझा दंड दाबला. "त्येंचं नाव घिऊ नगं हितं," एवढंच म्हणाल्या. मग माझ्या कडेवरच्या मुलाचा एक पाय त्यांनी हातात घेतला, वाळा दोन्ही अंगठ्यांनी फाकवला आणि काढला. मूल त्यांच्याकडं बघून रडायचं थांबलं. वाळा त्यांनी बर्फाच्या पोत्यावर ठेवला.

"पैसं आनून सोडवून नेतो," त्या म्हणाल्या.

"गहानबिहान आपल्याकडं न्हाई मावशी. घ्यायचं तर घ्या."

आत्याबाईंनी मान हलवली. त्यानं वाळा उचलून हातावर तोलला, दोन पेले भरले आणि तो गल्ल्यात टाकला. चांदी नाण्यांवर पडल्याचा तो आवाज मला आजही ऐकू येतो. देवीच्या मुखवट्यासाठी चांदी गोळा होत होती, ती अशी.

एक पेला गयेच्या तोंडात थोडा थोडा घातला. ती सावध झाली, उठून बसली, उरलेला तिनं स्वतः घेतला. दुसरा पेला आत्याबाईंनी माझ्या हातात दिला. "तू पी. लेकरू घिऊन उतरायचंय तुला."

"आणि तुम्ही?"

"मला न्हाई पायजे."

मी प्यायले. बर्फाचा भुसा जिभेवर आला. साखर कुठली, ते सॅकरीन होतं. आधी कडकडीत गोड आणि मागून कडू. गुलाबाचा वास असा की तेलाच्या बाटलीत बुडालो असं वाटावं. अर्ध्यावर मला उलटी आली, ती मी गिळली. उलटी गिळली, कारण तेवढ्याला एका पायातली चांदी गेली होती. माझी जीभ दुसऱ्या दिवशीही लाल होती. ती मी आरशात पाहिली आणि काथ्यानं घासली.

आत्याबाई तशाच उतरल्या, थेंबही न घेता. एका पायात वाळा असलेलं मूल माझ्या कडेवर होतं आणि त्याची छुमछुम अर्धी झाली होती. खाली गाडीपाशी आलो तर पोतं वाळून कडक झालेलं, घागर उन्हानं तापलेली. फडकं सोडलं तसा आंबट, नासका भपकारा आला. वर फेस होता, बुडबुडे येत होते. आत्याबाईंनी ती दोन्ही हातांनी उचलली, बाभळीपलीकडं नेली आणि उपडी केली. ताक ओतून देताना मी त्यांना आयुष्यात तेव्हाच पाहिलं. तापलेल्या मातीनं ते शोषून घेतलं, माश्या बसल्या. गाडीत बसल्यावर त्या तिथलं तांब्याभर पाणी प्यायल्या.

नातवाला मी हे सगळं त्या हॉटेलात सांगितलं. तो म्हणाला, "पण आजी, वर माल चढवायचा म्हणजे मजुरी असतेच ना." असते ना. पण आमच्या घागरी इतक्या पिढ्या बायकांच्या डोक्यावरूनच वर गेल्या, त्या मानांची मजुरी ताकात कुणी मिसळली नव्हती. जो माणूस नाइलाजानं आलाय त्याला आधी पाजायचं, हे आम्हांला कुणी शिकवलं नव्हतं, ते घरातच होतं. आता जत्रेत, दवाखान्यात, स्टेशनावर, जिथं जिथं माणूस अडतो तिथं तिथं कुणीतरी पातेलं घेऊन बसलेला दिसतो, आणि त्याला हुशार म्हणतात. मला तो त्या गादीवर बसलेला, अंगठ्या घातलेला घामेजला माणूसच दिसतो. त्याला धंदा कळत असेल. मला त्याच्या हातचं पाणी नको.

जत्रेच्या रात्री मामंजी उशिरा आले आणि न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसले. मी चुलीपुढं, आत्याबाई वाढायला. ताजं घुसळण झालेलं होतं, डेरा कोपऱ्यात होता. मामंजींचं जेवण म्हणजे बाजरीची भाकरी आणि ती बुडेल एवढं ताक. कालवण असलं नसलं, त्यांना चालायचं. भाकरी ताकात कुस्करली नाही तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. दारातून पोरगं रांगत आत आलं. मामंजी नेहमीसारखे कान देऊन थांबले आणि मग त्यांनी वळून पाहिलं.

"एकच वाळा? दुसरा कुटं पाडला?"

गया पदराशी चाळा करत खाली बघत राहिली. आत्याबाईंनी भाकरी त्यांच्या ताटात टाकली.

"पाडला न्हाई. वर दिला. दोन पेल्यांचा."

मामंजींना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी गयेकडं पाहिलं, तिच्या भेगाळलेल्या ओठांकडं. पुढ्यातलं वाडगं त्यांनी पुढं सरकवलं.

"ताक वाढ."

आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत.

"म्हनलं, ताक वाढ."

"कसं वाढू?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, रागाचाही नव्हता. "ताक इकायचं न्हाई, ही ह्या घरची रीत. आन् फुकाट पाजायचं न्हाई, ही तुमची सही. आता तुमीच सांगा धनी, तुमाला ताक वाढू कसं?"

पंचायतीत ज्यांच्या खाकरण्यानं माणसं गप्प व्हायची, त्या मामंजींनी रिकामं वाडगं परत आपल्याकडं ओढलं. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, कोरडाच तोंडात घातला आणि कितीतरी वेळ चावत राहिले. घास उतरेना, त्यांना ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. शेजारीच पाण्याचा तांब्या होता. त्यांनी त्याच्याकडं हात नेला, तो तसाच अर्ध्यावर थांबला, आणि तांब्या उचलण्याआधी त्यांनी मान वर करून आत्याबाईंच्या तोंडाकडं पाहिलं.